वेळ बावीस मिनिटांनी उतरली

आठ डिसेंबर, सोमवार. सकाळचे सव्वानऊ. वहिनींच्या ओट्यावर मी कणीक मळत होते. पाच माणसांच्या पोळ्या.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात श्रीखंडाचा रिकामा डबा. अर्धा किलोचा. धुतलेला, झाकणासकट.

"मावशी, यात दे."

"काय देऊ?"

"युरिन. सर आलेत, हॉलमध्ये बसलेत. लॅबची बाटली आहे त्यांच्याकडे. तुला लहान तोंडाच्या बाटलीत जमायचं नाही. तू यात दे, मी ओतते."

माझे दोन्ही हात कणकेत होते. वहिनी अठ्ठेचाळीसच्या, मी शेहेचाळीसची. तरी त्यांची मी मावशी, स्वयंपाकाची.

आदल्या दिवशी, रविवारी, आमच्याकडची हाफ मॅरेथॉन झाली होती. एकवीस किलोमीटर. पंचेचाळीसच्या वरच्या बायकांच्या गटात मी पहिली आले. एक तास एकोणपन्नास मिनिटं. वहिनी दुसऱ्या. एक तास त्रेपन्न. आधीची तीन वर्षं त्याच पहिल्या येत होत्या. मागच्या वर्षी माझी वेळ होती दोन तास अकरा मिनिटं. म्हणजे एका वर्षात बावीस मिनिटं उतरली.

बक्षिसाच्या वेळी मंचाखाली आम्ही उभ्या होतो. माइकवरचा माणूस म्हणाला, "या गटाचा निकाल तक्रारीमुळे राखून ठेवलाय." माझं नाव घेऊन म्हणाला. हजार माणसांसमोर. तक्रार कुणाची ते सांगितलं नाही. वहिनींचे सर स्टेजच्या पायरीवर उभे होते. सर म्हणजे आमच्या रनिंग क्लबचे कोच. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यावरून कळलं.

मी धावायला कशी लागले ते सांगते. हौस नव्हती. वहिनी पहाटे भाईंदर पश्चिमेहून डोंगरीच्या दिशेनं धावायला जायच्या. त्या रस्त्याला कुत्री फार. एकदा त्यांच्या मागे लागली. मग मला म्हणाल्या, "मावशी, तुला तसंही लवकर उठायची सवय आहे. चल ना माझ्याबरोबर." मी गेले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात त्यांची पाण्याची बाटली. साडी वर खोचून त्यांच्या मागे पळायचं. त्या थांबल्या की बाटली द्यायची. त्या बाटलीला मी कधी तोंड लावलं नाही. लावायचं नसतं, हे कुणी सांगावं लागत नाही.

वर्षभरात माझ्या ध्यानात आलं की दमतात त्या, मी नाही. क्लबच्याही ध्यानात आलं. त्यांनी मला मॅरेथॉनचा नंबर मिळवून दिला, बूट दिले कुणाचे तरी वापरलेले, आणि साडीत धावायला लावलं. मला टीशर्ट चालला असता. पण साडीत फोटो चांगला येतो. फोटोखाली लिहिलं, 'आमच्या मावशी'. क्लबमध्ये मी शेवटून चौथी, पाचवी यायचे तोवर सगळ्यांची लाडकी होते.

मधल्या काळात मला रक्तस्राव होत होता. महिन्यातले बारा-बारा दिवस. वय झालं की असं होतं म्हणून मी काढले. डोंगरीच्या चढाला डोळ्यांपुढे काळं यायचं, तेव्हा पाऊल मोजत चढायचे. पावसाळ्यात एका घरी पोळ्या लाटता लाटता खाली बसले, ती उठलेच नाही. त्या घरच्या आजींनी रिक्षात घातलं आणि पालिकेच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर बाई होत्या, तरुण. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "हिमोग्लोबिन सात आहे. काम काय करता?"

"सहा घरचा स्वयंपाक. आणि सकाळी धावते."

"काय करता?"

"धावते. दहा-बारा किलोमीटर."

त्यांनी चष्मा काढला. "मावशी, या रक्तावर लोक जिना चढत नाहीत."

"मग धावणं सोडू का?"

"सोडू नका. आधी रक्त भरा. मग बघा."

रक्तस्राव थांबायच्या गोळ्या दिल्या. लोहाचं सलाईन तीन वेळा लावलं. ऑक्टोबरात हिमोग्लोबिन साडेबारा झालं. त्यानंतर एका सकाळी मी डोंगरीचा चढ चढले आणि वर पोचून वाट बघत बसले की आता काळं येईल. आलं नाही. खाली तारोडीच्या बाजूला समुद्र दिसत होता. इतकी वर्षं मी तिथून जात होते. तो दिसतो हे मला माहीत नव्हतं.

म्हणून वेळ उतरली. मागच्या वर्षीचे दोन तास अकरा मिनिटं हीच खोटी वेळ होती. ती अर्ध्या रक्ताच्या बाईची वेळ होती. त्यावर कुणी तक्रार केली नव्हती.

हे सगळं मी त्या सोमवारी हॉलमध्ये उभी राहून सांगितलं. कणकेचे हात तसेच. सर सोफ्यावर बसले होते, पायावर पाय टाकून.

सर म्हणाले, "बघ, मी तुझ्या अगेन्स्ट नाहीये. पण बावीस मिनट? एक साल में? तू विचार कर ना. इंटरनॅशनल लेव्हलला असं झालं की पहिले टेस्टच होते. मोठे मोठे पकडले गेलेत."

"माझं लोह कमी होतं. ते भरलं."

"तेच तर. रक्त वाढवायचं इंजेक्शन घेतलंस. डोपिंग म्हणजे दुसरं काय असतं?"

"लोहाला बंदी नाही सर. मी डॉक्टरांना विचारलं होतं. दवाखान्याचा केस पेपर आहे."

वहिनी मध्येच म्हणाल्या, "मी पाहिलं होतं हं, सप्टेंबरमध्ये. हिच्या हाताला कापूस चिकटवलेला होता. विचारलं तर म्हणाली, काही नाही."

म्हटलं होतं खरं. कारण आजारी बाईला लोक कामावरून काढतात.

"आणि दुसरी गोष्ट," सर म्हणाले. "पहिल्या तीन वॉटर पॉइंटला तू थांबली नाहीस. मी स्वतः बघितलं. इट्स नॉट नॅचरल."

मला त्यांच्या तोंडाकडे बघत राहावंसं वाटलं. पाण्याशिवाय मी इतकं कशी धावते, ते या घरानंच शिकवलं होतं मला.

या घरी मी आठ वर्षं स्वयंपाक करते. दोन संडास, दोन बाथरूम. एकही मला नाही. लागल्याच दिवशी सांगितलं होतं, "खाली पंपरूमच्या मागे आहे कामवाल्यांचा." त्याला कुलूप. किल्ली वॉचमनकडे. वॉचमन म्हणणार, "मौसी, अभी पानी नहीं है." सहापैकी पाच घरी हाच कायदा. सकाळचा चहा घेतला की दुपारी दीडपर्यंत पाण्याचा घोट नाही. सुरेखा, वहिनींकडे झाडू-पोछा करते ती, तिनं गरोदर असताना एकदा विचारलं होतं. वहिनी म्हणाल्या, पाइप जुने आहेत, चोकअप होतात. ते संडास सुरेखाच घासते.

आठ वर्षं ज्या घरात माझी लघवी चालली नाही, त्याच घराला आज ती डब्यात हवी होती.

"आज आमचंच बाथरूम वापर," वहिनी म्हणाल्या. मोठेपणानं म्हणाल्या. "फक्त दार उघडं ठेव. मला उभं राहावं लागेल."

"रूल आहे तो," सर म्हणाले.

मी बेसिनवर हात धुतले. डबा घेतला. आत गेले. वहिनी मागोमाग येत होत्या. मी दार लोटलं आणि कडी लावली.

आत सुगंध होता. पांढऱ्या फरशीवर एक केस नाही. भांड्याच्या झाकणाला मऊ कापडाची खोळ होती. माझ्या घरी उशीला तशी नाही.

बाहेर दार वाजायला लागलं. "मावशी! कडी का लावलीस? मावशी, असं चालत नाही!"

मला सकाळपासून लागली होती. रोज लागते. मी डबा फरशीवर ठेवला, झाकण वर केलं, बसले आणि मोकळी झाले. घाई केली नाही. फ्लश ओढलं. त्यांच्या साबणानं हात धुतले, त्यांच्या टॉवेलला पुसले.

बाहेर आले. डबा सरांसमोर ठेवला, टीपॉयवर. कोरडा.

"हे काय?" सर म्हणाले.

"टेस्टला माझी ना नाही. पण तुम्ही ती घेणारे कोण?"

"म्हणजे तू रिफ्यूज करतेयस. समजतंय ना, याचा अर्थ काय होतो?"

"सर, तुम्ही साहेबांना विचारलं होतं का?"

साहेब म्हणजे वहिनींचे मिस्टर, क्लबचे अध्यक्ष. दोन वर्षांपूर्वी त्यांची वेळ सतरा मिनिटांनी उतरली. नवे बूट, नवं घड्याळ, जिममधली पावडर, गुडघ्यात इंजेक्शन. क्लबनं केक कापला होता. त्या केकच्या ताटल्या मीच धुतल्या.

सरांनी पायावरचा पाय खाली घेतला. वहिनी पुढे आल्या.

"तोंड सांभाळ मावशी. रस्त्यावर मी आणलं तुला धावायला. मी. नाहीतर पोळ्या लाटत बसली असतीस जन्मभर."

"पोळ्या मी अजून लाटतेच आहे वहिनी. आजच्या मात्र तुम्ही लाटा. कणीक मळून ठेवलीय."

पिशवी घेतली आणि निघाले. जिन्यात सुरेखा भेटली. वरचं सगळं तिला ऐकू गेलं होतं.

"तुझी तर लॅबला जायला लागली गं," ती म्हणाली. "माझी अजून पंपरूमच्या मागंच."

हसलो. मग ती म्हणाली, "पण त्या तुझं नाव खराब करतील. बघ तू."

दुपारी दोनला क्लबच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आला. आपल्या क्लबमध्ये स्वच्छ खेळालाच जागा आहे. संबंधित धावपटूनं टेस्ट नाकारली आहे. निकाल रद्द करून दुसऱ्या नंबरला पहिलं करावं, अशी विनंती आयोजकांना केली आहे. खाली टाळ्या वाजवणारे हात. ज्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले त्यांचेही. मग मला ग्रुपमधून काढलं.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि रागाबरोबर एक गोष्ट स्वच्छ दिसली. मी शेवटून पाचवी येत होते तेव्हा यांना माझ्या अंगात काय आहे हे कधी तपासावंसं वाटलं नाही. रक्त सातवर आलं तेव्हा नाही. चक्कर येऊन पडले तेव्हा नाही. त्यांच्या पुढे गेले, तेव्हा वाटलं. त्यांना औषध शोधायचं नव्हतं. माझी जागा दाखवायची होती.

उरलेल्या पाच घरी मी त्याच दिवशी जाऊन एकच विचारलं, "बाथरूम वापरू द्याल का?" आजींचं घर आधीपासूनच देत होतं. दोन बायका लाजून हो म्हणाल्या. दोघी म्हणाल्या, विचारून सांगतो. त्यांना मी सांगितलं, विचारून झालं की दुसरी बाई बघा.

संध्याकाळी अर्ज लिहिला. दहावीपर्यंत राजापूरला शिकले आहे. अक्षर चांगलं आहे. लिहिलं की माझी टेस्ट घ्या, पण अधिकृत माणसानं, अधिकृत जागी. नियम असेल तर बाई समोर उभी राहू दे. मला लाज नाही. पण एकटीची नको, गटातल्या पहिल्या तिघींची घ्या. पुरुषांच्या गटातल्यांचीही घ्या. तोवर माझा निकाल रद्द करता येणार नाही, आणि केलात तर कोणत्या नियमानं ते लेखी द्या. माझं नाव माइकवरून घेतलंत, तसंच उत्तरही उघड द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला स्पर्धेच्या ऑफिसात गेले. सोबत केस पेपर, तिन्ही रिपोर्ट, त्यांच्या झेरॉक्स. टेबलावरच्या माणसानं अर्ज वाचला. पुन्हा वाचला.

"ताई, कशाला वाढवताय? पुढच्या वर्षी भाग घ्या ना, शांतपणे."

"पुढच्या वर्षी घेणारच आहे. वेळ अजून उतरेल. तीही लिहून ठेवा."

तो म्हणाला, अर्ज ठेवून जा, साहेबांना दाखवतो. मी म्हटलं, पोच द्या. पोच म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं, तरी इकडेतिकडे बघितलं. मी खुर्ची ओढून बसले. वीस मिनिटांनी त्यानं ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि माझ्या प्रतीवर मारला. अर्धाच उठला.

म्हटलं, "परत मारा. तारीख दिसली पाहिजे."

त्यानं परत मारला.