दोन ठिपक्यांचा फरक

उज्जैनच्या फलाटावर मी उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते. माझी मावसबहीण कुंदाताई कागदाची एक गुंडाळी काखेत घेऊन उभी होती.

"माले, आधी नाश्ता, मग सीधे भैरवगढ. उद्या माझा शाळेतला शेवटचा दिवस, आणि पडदा अजून छापून झाला नाही!"

फ्रीगंजमध्ये पोहे-जिलेबी खाताना (पोह्यांवर जीरावण, म्हणजे इथला चटकदार मसाला, भुरभुरतात) तिने बेत सांगितला. तिने आयुष्यभर येथे विज्ञान शिकवले. निरोपाच्या दिवशी शाळेला द्यायला ती एक कापडी पडदा करून घेत होती. त्यावर आठ चौकोन होते आणि प्रत्येकात परिसरातले एक फुलपाखरू ठप्प्याने छापायचे होते. मुलींनी कापडावर बोट ठेवून ठिपके मोजावेत, एवढीच तिची इच्छा.

वाटेत रामघाटावर थांबलो. झेंडूच्या निर्माल्यावर फुलपाखरे उतरली होती. ताईने लगेच माझी परीक्षा घेतली.

"काळे पंख, त्यांवर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात लाल डाग?"

"लिंबाळी."

"नारिंगी पंख, त्यांवर मोठे डोळे?"

"मयूर भिरभिरी."

शेजारचे पुरोहित हसले. "बाईजी, पूजा करवानी है या तितली गिननी है?"

"दोनों, पंडितजी. पहले तितली!"

भैरवगढला कापडावर ठप्पे छापणाऱ्या रशीदचाचांच्या अंगणात रंगीत चादरी वाळत होत्या. लांब मेजावर आमचा पडदा पसरलेला होता. सहा चौकोन पूर्ण होते. सातव्यात नारिंगी रंग भरलेला होता आणि चाचांनी काळ्या रेषांचा ठप्पा त्यावर उचललेला होता.

"रुकिए!" ताई ओरडली. "हा तर सहाव्याचाच ठप्पा आहे!"

"तो दीदी, आप एक ही तितली दो दफे बना लाई थीं. कारीगर ने सोचा, भूल हो गई. एक ही ठप्पा काट दिया."

ताईचा चेहरा उतरला. सहावे होते बिबळ्या कडवा आणि सातवे छोट्या चांदव्याची मादी. कडवा चवीला कडू असल्याने पक्षी त्याला टाळतात. चांदव्याची मादी हुबेहूब त्याचे रूप घेऊन वाचते. पक्षी फसतात, तिथे कारागिराला काय दोष द्यायचा! पण ठप्पे कोरणारा तो कारागीर लग्नासाठी परगावी गेलेला. नवा ठप्पा आज होणे शक्य नव्हते आणि रंग वाळायला ऊन हवे होते.

मी चाचांना कुंपणाच्या रुईजवळ नेले. एक कडवा मध पीत होता. "मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके मोजा."

"एक, दो... तीन."

"चांदव्याच्या मादीला एकच, पुढच्या कडेजवळ. बस, इतना ही फर्क."

चाचांनी ताईच्या गुंडाळीतले सातवे चित्र पुन्हा पाहिले आणि मोठ्याने हसू लागले. "तो नया ठप्पा काहे को? दो ठिपके उड़ा देते हैं!"

"लकडी फटली तर, चाचा?" ताईने विचारले.

"फटी, तो सातवाँ खाना खाली. बोलो, दीदी?"

ताईने डोळे मिटले आणि होकारार्थी मान हलवली. चाचांनी बारीक पटाशी टेकवली आणि हलकेच ठोकले. एक टवका उडाला. दुसऱ्याला त्यांनी तीनदा फुंकर घातली, दोनदा पटाशी फिरवली, मग ठोकले. लाकूड शाबूत राहिले. ठप्पा रंगात बुडाला, कापडावर बसला, वर मूठ पडली. उचलला, तर खाली एका ठिपक्याची मादी!

"ताई, आता डोळे उघड," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुली पडद्यापुढे दाटीवाटीने उभ्या होत्या. सहाव्या आणि सातव्या चौकोनावर बोटे फिरत होती आणि "मॅडम, मिल गया!" असा गलका चालला होता. ताई रडेल असे सर्वांना वाटले होते, पण ती प्रत्येकीकडून नीट मोजून घेण्यात गुंतली होती.

परतीच्या गाडीत मी त्या ठप्प्याचा विचार करत होते. त्यातून आता बिबळ्या कडवा कधीच उमटणार नाही. एकाच लाकडातून निघालेली ती दोघे शेजारी दिसतील, ती केवळ उज्जैनच्या त्या एका भिंतीवर.