कळसूबाईच्या दारात अनवाणी

शेवगावहून निघालो तेव्हा गाडीत माणसं दोनच होती, पण मोजे एका लग्नघराला पुरतील इतके. आमचे हे, म्हणजे गावाला ठाऊक असलेले दानियल सर, मागच्या सीटवरची पिशवी बघून म्हणाले, "आपण कळसूबाई चढायला चाललोय की दुकान टाकायला?"

गाडी मी चालवत होते आणि वादही मीच जिंकणार होते.

यांना बरीच वर्षं शुगर आहे. गेल्या वर्षी तळपाय बधिर झालेत असं डॉक्टर म्हणाले. खडा टोचला, चटका बसला तरी कळणार नाही, आणि न कळलेली जखम चिघळली तर पाय गमवावा लागेल. नीट काळजी घेऊन रोज चाला, असंही ते म्हणाले होते, पण ते यांच्या कानात शिरलंच नाही. जन्मभर वर्गात येरझाऱ्या घालत गणित शिकवलेला हा माणूस खुर्चीत रुतून बसला. भीती मोठी वाईट. एकदा बोलता बोलता म्हणाले, "कळसूबाई राहूनच गेली." तेवढं धरून मी डॉक्टरांची परवानगी काढली, बूट आणले आणि महिनाभर ते यांना घरातल्या घरात घालून फिरवलं. कोरे बूट डोंगरावर चावतात.

संगमनेर मागे पडलं, अकोले गेलं, आणि राजूरच्या पुढे आमच्या ज्वारीच्या सपाट मुलखाची सवय असलेले डोळे वर वर जायला लागले. भंडारदऱ्याचं पाणी दिसलं तेव्हा यांनी काच खाली केली. पायथ्याच्या बारी गावात एका घरी मुक्काम केला. तांदळाची भाकरी, खुरासणीची (कारळ्याची) चटणी आणि वर गरम पिठलं. जेवण झाल्यावर मी यांचे पाय मांडीवर घेतले. नखं सरळ कापलेली आहेत ना, बोटांच्या बेचक्या कोरड्या आहेत ना, सगळं तपासलं. यजमानीण दारातून बघत होती.

"लई सेवा करताय सरांची," ती म्हणाली.

"सेवा कसली, तपासणी आहे," हे म्हणाले. "शाळेत इतकी कडक कधी झाली नाही."

सकाळी उजाडताच निघालो. फेब्रुवारी संपत आला होता, पण पहाटे चांगलीच थंडी होती. शेतांच्या बांधावरून वाट वर जाते, मग खडक, मग लोखंडी शिड्या. प्रत्येक थांब्यावर मी यांना बूट झटकायला लावायची, घामेजलेले मोजे बदलायची आणि ओले मोजे पाठपिशवीवर वाळत घालायची. मागून येणारी माणसं हसत पुढे जात होती. यांनी तक्रार केली नाही. उलट दुसऱ्या शिडीवर चक्क शीळ घातली. वर्षभरात मी ती ऐकली नव्हती. मला इतका आनंद झाला की खालची दरी बघायची भीतीसुद्धा विसरले.

माथ्यावर पोचायला दुपार झाली. देवीचं चिमुकलं देऊळ, भोवती उघडा कातळ आणि चारी दिशांना डोंगरच डोंगर. देवळाबाहेर चपला-बुटांचा ढीग होता. मीही बूट काढले आणि हिराबाई नावाच्या बाईकडे लिंबू सरबत घ्यायला वळले. कातळ तव्यासारखा तापला होता. दर्शनाला आलेली माणसं या पायावरून त्या पायावर नाचत होती, मीही नाचत होते.

एकटे हे मात्र शांत उभे होते. अनवाणी. हात जोडून.

माझ्या हातातला पेला पडला. "अहो, पाय!"

यांनी खाली बघितलं आणि चेहरा उतरला. काटे, खडे, शिड्या, घाम, सगळ्याचा विचार महिनाभर केला होता. देवाच्या दाराचा दोघांनीही केला नव्हता. आम्ही चर्चमध्येही पादत्राणं काढूनच आत जातो. दार दिसलं की हात आपोआप बुटांकडे जातो.

मी यांना ओढत देवळाच्या सावलीत बसवलं. तळवे लालबुंद झाले होते. आमच्या बाटल्यांत घोटभर पाणी उरलं होतं.

"ह्ये घ्या," हिराबाईने आपला कॅन आणून ठेवला. "वता पायावर."

"अवघड चढ चढून आणलेलं पाणी तुमचं, विकायचं," मी म्हटलं.

"असू द्या. पानी काय, उद्या पुन्हा आनू. पाय कुठनं आनायचा?"

कुणी तरी टूथपेस्ट लावा म्हणालं. मी नको म्हटलं आणि नुसतं पाणी ओतत राहिले. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त स्वतःचाच राग येत होता. लाली जरा उतरली. पाय हलके टिपून कोरडे केले, धुतलेले मोजे चढवले, नाड्या सैल बांधल्या.

"झालं," हे म्हणाले. "खाली गेल्यावर हे बूट कुणाला तरी देऊन टाक. मी पुन्हा नाही चालणार."

शिड्यांचे गज घट्ट धरत, एकेक पायरी चाचपत आम्ही संध्याकाळी खाली आलो, तसेच राजूरच्या दवाखान्यात गेलो.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पाय उजेडात धरून बराच वेळ पाहिले. "फोड नाही. वेळेवर पाणी ओतलंत. काही दिवस आराम, आणि रोज सकाळ-संध्याकाळ बघत राहा."

"म्हणजे चालणं बंदच," हे म्हणाले.

"असं कोण म्हणालं? सर, आज तुम्ही कळसूबाई चढून उतरलात. चुकलं ते उभं राहणं. चालणं नाही चुकलं."

परतीच्या वाटेवर संगमनेरला चहा घेतला, नगरच्या पुढे ओळखीची सपाट रानं लागली, तरी हे गप्पच. मला वाटलं, डोंगर दाखवायला नेलं आणि माणूस आणखी आत ढकलून आले.

घरी मी रोज पाय बघत होते. लाली गेली, कातडी जशीच्या तशी राहिली. डॉक्टरांनीही आता हरकत नाही म्हणून सांगितलं. बूट मात्र दाराशी तसेच पडून होते. देऊन टाकायचं माझ्याच्याने झालं नाही.

मग एका सकाळी उठले तर खुर्ची रिकामी. घरभर हाका मारल्या. गाडी जागेवर होती. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले आणि काय काय मनात आणलं ते सांगण्यासारखं नाही. बऱ्याच वेळाने हे रस्त्याच्या कडेने येताना दिसले, पायी, पायात बूट, हातात पिशवी, कपाळाला घाम.

"तुझा तो भाजीवाला दिवसाढवळ्या लुटतो," पिशवी माझ्या हातात देत म्हणाले. "उद्यापासून भाजी मीच आणत जाईन."

मी ओट्यावर गवार निवडायला बसले आणि मला रडू फुटलं. हे शेजारी येऊन बसले, मोजे काढून बोटांच्या बेचक्या एकेक करून बघू लागले, आणि मधेच मान वर करून म्हणाले, "एवढं काय झालं? किडकी निघाली का?"