फूटपट्टींची सहा महिन्यांची मोजणी

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या तळमजल्यावर, खिडक्यांना काळा कागद चिकटवलेल्या खोलीत त्यांनी एकोणीस वर्षं काढली. मधुमेह असलेल्या लोकांच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो तिथे यायचे. फोटोवर नाव नसे, फक्त क्रमांक. रक्ताचे ठिपके मोजायचे, ठरलेल्या जागी नसेची जाडी मोजायची, आकडा लिहायचा. त्याच फोटोचा आकडा आज एक आणि महिन्याने दुसरा आला, तर मोजण्यात अर्थ काय? म्हणून ते अडून बसत: दिवा तोच हवा, खुर्ची तिथेच हवी, चहा मोजणी संपल्यावर. सगळे त्यांना पाठीमागे फूटपट्टी म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

जुने फोटो नवे क्रमांक घालून गठ्ठ्यात मिसळायची पद्धत त्यांनीच सुरू केली होती. दोन्ही वेळचे आकडे जुळले की मोजणारा ठीक. एका सोमवारी शेजारच्या टेबलावरच्या बाई, ज्यांना त्यांनीच हे काम शिकवलं होतं, कागद घेऊन आल्या. न जुळलेले आकडे फूटपट्टींचे होते. त्यांनी आधी स्क्रीनवर खापर फोडलं, मग दिव्यावर. दोन्ही बदलून झालं, तरी आकडे जुळेनात. शेवटी बाईंनी खाली मान घालून विचारलं, "सर, तुमच्या डोळ्यांचा फोटो कधी काढला होता?"

कधीच नाही. साखर नऊ वर्षांपासून होती. बायको मागे लागून लागून थकली, पण ह्यांचं एकच पालुपद, मला स्वच्छ दिसतं. हेच वाक्य पेशंट बोलले की ते कपाळाला हात लावत.

फोटो निघाला. दोन्ही डोळ्यांत, नेमकी नजर जिथे रोखली जाते तिथेच सूज होती. बाईंनी ती मोजली आणि त्यांच्या हट्टाखातर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली. आकडा तोच आला.

"चांगलं शिकलात," ते म्हणाले आणि खिशात रुमाल शोधू लागले.

घरी बायको रागावली नाही, हेच त्यांना जास्त लागलं. तिने मुकाट्याने त्यांच्या गोळ्यांच्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत वेळा लिहिल्या.

डोळ्यांत इंजेक्शनं सुरू झाली. त्याच आठवड्यात त्यांनी मोठ्या डॉक्टरांना लिहून दिलं, की माझी गेल्या सहा महिन्यांची मोजणी धरू नका. डॉक्टरांनी समजूत घालून पाहिली, पण ते बधले नाहीत. बाईंनी एकटीने ते सगळे फोटो पुन्हा मोजले. चौदा जणांचे आकडे बदलले. क्रमांकांवरून नावं काढल्यावर तेरा जण उपचारासाठी वेळेत सापडले. चौदावी कपडे शिवणारी बाई होती. तिच्या डाव्या डोळ्यात आधीच रक्त उतरलं होतं.

तिच्या घरी जाऊ नका म्हणून सगळ्यांनी सांगितलं. तरी ते बायकोला घेऊन गेले. बायको खालीच थांबली. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती.

"तुमच्या फोटोतले ठिपके मी मोजले होते," ते म्हणाले. "मला ते दिसलेच नाहीत. माझ्याच डोळ्यांत सूज होती."

तिने यंत्रावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, की वर्षाने या असं दवाखान्यात सांगितल्यावर ती किती खुशीत घरी आली होती. त्या दिवशी तिने सुनेसाठी नवा ब्लाऊज बेतायला घेतला होता. तो तसाच पडून आहे.



"आणि तुम्हाला आता किती दिसतं?" तिने विचारलं.

"माणूस ओळखू येतं. अक्षर लागत नाही."

तिने माफ केलं असं म्हटलं नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. ते उठले तेव्हा एवढंच म्हणाली, "जिन्याला कठडा नाही. भिंतीला हात लावून उतरा."

महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. तिचा डावा डोळा गेला तो गेलाच. त्यांची मात्र इंजेक्शनांनी थोडी नजर टिकली. कुणी त्याबद्दल बरं झालं म्हटलं, की ते विषय बदलतात.