कपाटातले हातमोजे

"हात हाय ना माझा, मग डॉक्टर कशाला?" असं म्हणत सगळ्या गावाचे मामा सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारायचे आणि अडलेल्या गायीच्या मागं उभे राहायचे. त्यांच्याबद्दल खरं सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. ते गेल्यावर गावात त्यांचे गोडवे गायची चढाओढ लागली, आणि त्यात सगळ्यांत पुढं मी. निदान तेवढा निर्लज्जपणा तरी आता थांबवतो.

संगमनेरजवळच्या आमच्या गावात घरोघरी गायी. वासरू ओढायचं, वासरामागून पडायची ती वार, म्हणजे जार, अडकला तर हातानं सोडवायचा आणि पोत्यात बांधून वडाला टांगायचा, ही सगळी कामं मामांची. जार वडाला टांगला की गाय भरपूर दूध देते, अशी आमची समजूत. हात नुसते पोत्याला पुसून मामा चहाचा कप उचलायचे. कुणी टोकलं तर म्हणायचे, "गाईचं हाय, घाण न्हाई." आम्ही शिकलेली माणसं यावर माना डोलवायचो.

मी दूध संस्थेचा चेअरमन. माझी तांबडी गाय दिवस भरायच्या आधीच गाभडली, पाठोपाठ दुसरी. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून आणलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा रोग माणसालाही होतो. जार टांगू नका, पुरा. दूध उकळूनच प्या. आणि मामांना उघड्या हातानं काम करू देऊ नका." मामांसाठी त्यांनी खांद्यापर्यंतचे हातमोजे दिले.

ते मी कपाटात ठेवले. मामा माझ्या गोठ्यात मोजे घालून दिसले असते, तर चेअरमनच्याच गायी रोगी, हे गावभर झालं असतं. तिसरी गाय अडली तेव्हा मीच त्यांना बोलावलं. त्यांनी बाही सारली. मी शेपूट धरून उभा राहिलो.

पुढं मामांना ताप येऊ लागला. संध्याकाळी अंग तापायचं, पहाटे घामानं भिजायचं. सांधे धरले. टपरीवर कुणीतरी म्हणालं, "संध्याकाळी चढतंय, सकाळी उतरतंय. आवो, ह्यो ताप हाय का क्वार्टर?" मामा दारूला शिवतही नसत. पण आमच्या गावात भांडणं दुधाच्या फॅटवरून होतात, माणसाच्या अब्रूवरून नाही. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी, कारण त्या तापाचं नाव फक्त मला माहीत होतं.

मामांनी अंथरूण धरलं, तेव्हा सगळं कबूल करायचं ठरवून मी त्यांच्या घरी गेलो. मी बसतो न बसतो तोच मामा म्हणाले, "चेरमन, मोठा डॉक्टर म्हनला, ह्यो रोग जनावरातनं येतो. तुमच्या गाया गाभडल्या त्या माझ्यामुळंच. कुनाच्या तरी गोठ्यातनं मीच हातानं आनलं आसंल. लई वाईट वाटतंय. माफ करा."

त्यांनी हात जोडायला घेतले, पण सुजलेली बोटं जुळेनात. मी ते हात हातात घेतले आणि म्हणालो, "असू द्या मामा. मी काही मनात ठेवलेलं नाही."