वहिनींनी गोळी का सोडली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरी येणार नाही.

आखाडा बाळापूरला आमच्याकडे देवळाची पूजा आहे. ती दादा करतो. मी कॉलेजात शिकवतो आणि प्रत्येक गोष्टीवर शंका घेतो. घरात याला विद्वत्ता म्हणतात. देवाचा नैवेद्य वहिनी करायच्या. त्यांना थायरॉईड – गळ्यातली ग्रंथी मंदावलेली. रोज उपाशीपोटी एक गोळी.

एकदा त्यांचा रिपोर्ट नॉर्मल आला. मी म्हणालो, "मग आता गोळी काहून खाता? डॉक्टरचं दुकान चालवायला?"

"व्हय भाऊजी. तुमी वाचलेलं असंल म्हणा."

मी काहीही वाचलेलं नव्हतं. रिपोर्ट नॉर्मल होता तो गोळीमुळेच. चष्म्यानं नीट दिसतंय, तर आता चष्मा फेका – असं ते सांगणं.

वहिनींनी गोळी सोडली आणि हळूहळू मंदावल्या. चेहरा सुजला, आवाज जाड झाला, उन्हाळ्यातही शाल. चुलीपुढं डुलकी लागायची, भात करपायचा. दादा चिडायचा. आणि मी? पाहुण्यांसमोर म्हणालो, "हल्ली देवच वहिनींच्या आधी उठतो." सगळे हसले. वहिनीही.

पण खरी गोष्ट ही नाही. मला संशय आला होता – मी गुपचूप वाचलं, आणि सगळं कळलं. त्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? डॉक्टरांना हसणारा मी, घरात चुकलो म्हणू? गप्प बसलो. वहिनी न्हाणीत चक्कर येऊन पडेपर्यंत.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कुणी बंद केली?"

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही – मी बोलेन म्हणून थांबल्या असाव्यात. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

"ध्यानातच न्हाई राहिलं," त्या म्हणाल्या.

"हिचं असंच हाय, डॉक्टरसाहेब," दादा म्हणाला. "काही म्हणून आठवत न्हाई."

गोळी पुन्हा सुरू झाली. सूज उतरली, आवाज परत आला. नैवेद्याचा मान मात्र परत आला नाही. विसरभोळ्या बाईच्या हाती देवाचं कसं द्यायचं, असं दादानं ठरवलं. तो मान आता माझ्या बायकोकडे आहे. वहिनी तिला भाजी चिरून देतात, चुलीपासून जरा लांब बसून. मी तिथंच पेपर वाचत असतो.