पेठेतल्या हाका

माझ्या सासऱ्यांची, आबांची, नजर काचबिंदूनं गेली. नव्वदनंतरची गोष्ट, आम्ही राहात्याला होतो. तरी रोज सकाळी घरापासून चहाच्या हॉटेलापर्यंत ते काठी टेकत एकटेच जायचे. एकटे म्हणजे काय, अख्खी पेठ हाका मारून त्यांना पुढं सरकवायची. "आबा, उजवीकडं व्हा, टेम्पो लागलाय." "आबा, हॉटेल मागं राह्यलं बरं का." घरी आले की धुसफूस सुरू. "मी काय लहान पोरगं हाय का? माझं मला जाऊ द्या की." मला तेव्हा हसू यायचं. आता ती धुसफूस एकदा ऐकायला मिळावी म्हणून जीव तुटतो.

आमच्या ह्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. ह्यांनी आबांचं बोलणं फारच मनावर घेतलं. काडेपेटीएवढे ट्रान्समीटर तयार केले आणि वाटेवरच्या दुकानांत एकेक ठेवला. किराणा दुकानातला लांब सूर काढायचा, शिंप्याकडचा तुटक टुकटुकायचा, हॉटेलातला शिट्टी मारायचा. आबांच्या खिशात छोटा एफएम रेडिओ, कानात इअरफोन. ज्या दुकानाजवळ जातील त्याचाच आवाज यायचा, पुढं गेलं की विरायचा. पहिल्या दिवशी आबा हसत परत आले. मी शिरा केला आणि नवऱ्याचं कौतुक गल्लीभर सांगत सुटले.

पेठेनं मात्र हाका मारणं सोडलं. आबांना आता रेडिओ सांगतोय, आपण मध्ये कशाला बोला, असं लोकांना वाटायचं. आबा जायचे, चहा घ्यायचे, यायचे. धुसफूस बंद झाली. मला मेलीला ते बरंच वाटलं.

मग एकदा शिंपी घरी आला. आबा त्याच्या दुकानापुढं बराच वेळ नुसते उभे होते म्हणे, आणि रेडिओ बंद होता हे त्याला मागनं कळलं. "मला वाटलं, आईकत्यात कायतरी, म्हनून हाक नाय मारली," तो ओशाळून म्हणाला.

त्याच संध्याकाळी ह्यांनी सगळे ट्रान्समीटर काढून आणले आणि दुकानोदुकानी सांगून आले, उद्यापासून पहिल्यासारख्या हाका मारा. माणसं भली. दुसऱ्या दिवशी एकही चुकला नाही.

आबा परत आले, काठी कोपऱ्यात ठेवली. मी विचारलं, "आज मारल्या ना हाका?"

"मारल्या की, सगळ्यांनी मारल्या," आबा म्हणाले. "पन सांगून मारलेली हाक कळती गं पोरी."

त्यानंतर ते पेठेत गेले नाहीत.