हलक्या हाताची बाई आणि बाईसाहेब

बावीस वर्षं मी लोकांचं रक्त काढते. लॅबमध्ये, तपासणीसाठी. घरी मी ते नुसतं आटवते, असं नवऱ्याचं म्हणणं.

आमच्याकडे सकाळी सातला उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागते. त्यातले निम्मे तरी काउंटरवर सांगतात, "त्या जुन्या ताईच हव्यात, हात हलका आहे त्यांचा." मी ऐकलं नाही असं दाखवते. पण एखाद्या दिवशी कुणी म्हणालंच नाही, तर संध्याकाळपर्यंत मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. सुई हातात घेतली की मी देवाचं नाव घेते, तेही ओठ न हलवता. पेशंटला वाटायला नको, की बाईंनी प्रकरण वर सोपवलंय.

तर या हलक्या हाताचा ताठा देवाने एका मांजरीकरवी उतरवला.

घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते. दुकान बंद करून घरीच बसलेले. दर महिन्याला त्यांच्या घरी जाऊन मी रक्त घ्यायचे. टेबलावर पोट उघडून ठेवलेली घड्याळं आणि त्यांच्या मधोमध एक करडी मांजर. आजोबा तिला बाईसाहेब म्हणत. मी दंडाला पट्टा बांधायचे, शीर चाचपायचे, सुई घालायचे. ती माझ्या हाताकडे टक लावून बघत बसायची. हूं नाही की चूं नाही. मी मनात म्हणायचे, बघा, मुक्या जनावरालाही हात कळतो!

आजोबा गेले. घर आवरायला आलेली त्यांची मुलगी म्हणाली, "ताई, हिचं काय करू? आमच्याकडे दम्याचा पेशंट आहे."

"मी नेते की," मी म्हणाले. "ओळखते ती मला."

बाईसाहेब आमच्या घरी आल्या आणि सोफ्याखाली शिरल्या, ते दोन दिवस बाहेरच आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी माझा हातखंडा प्रयोग केला. लहान मूल सुईला बघून रडत असलं, की मी गोड गोड बोलत त्याचा हात धरते, कोपर घट्ट दाबते, 'ते बघ, पंख्यावर काय बसलंय' म्हणते आणि मूल वर बघतंय तोवर काम उरकते. सोफ्याखाली हात घालून मी मांजरीचा पंजा अगदी तसाच धरला आणि पंख्यावर काय बसलंय ते तिला विचारलं.

बाईसाहेबांनी पंख्याकडे बघितलं नाही.

मनगटापासून कोपरापर्यंत तीन रेघा, पट्टीने मारल्यासारख्या. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "ओळखलं वाटतं."

पुढचे तीन आठवडे मी माघार घेतली नाही, आणि तिनेही नाही. येता-जाता पाठीवरून हात फिरवायला जायचं आणि रक्त पुसत परत यायचं. नवऱ्याची पोटरी, सिलिंडरवाल्याचा अंगठा, नणंदेची नवी ओढणी, कुणालाच सूट नव्हती. मला खबरदारीची इंजेक्शनं घ्यावी लागली. आता सांगायला लाज वाटते, पण मला सुईची भीती वाटते. दुसऱ्याला टोचताना नाही, स्वतःला टोचून घेताना. दवाखान्यातली कालची पोरगी मला म्हणाली, "मावशी, हात सैल सोडा." मी डोळे मिटून सगळ्या देवांना एकदम हाक मारली.

तिथवरही हसण्यावारी गेलं असतं. पण एका रविवारी मांजर माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला कडकडून चावली. शीर मी त्याच बोटाने शोधते. डोळ्यांना दिसत नाही ती त्या बोटाच्या टोकाला कळते. बोट टम्म सुजलं. सोमवारी ग्लोव्हज घालून बसले, तर बोटाला काही म्हणता काही कळेना. एका म्हाताऱ्या बाईंना तीनदा टोचलं. त्या बिचाऱ्या एवढंच म्हणाल्या, "अगं, आज त्या हलक्या हाताच्या ताई आल्या नाहीत का?"

मी मान खाली घातली आणि म्हणाले, "रजेवर आहेत."

आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी दुपारी आत बोलावलं. माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. "हे बोट बरं होईपर्यंत तुम्ही काउंटरवर बसायचं. आणि महिनाअखेरीला हातावर एक जरी ताजा ओरखडा दिसला, तर कायमच्या काउंटरवर. पेशंट घाबरतात हो. एक तर मांजर, नाहीतर सुई. ठरवा."

काउंटरवर बसून मी दोन दिवस लोकांची नावं लिहिली. पलीकडे नवी मुलगी सुया टोचत होती आणि माझं बोट आपोआप हवेत शिरा शोधत होतं. तिसऱ्या दिवशी मी प्राण्यांच्या अनाथाश्रमाला फोन केला. शनिवारी मांजर आणून सोडा, म्हणाले.

शनिवारी मी टोपली आणि जाड टॉवेल घेऊन सज्ज झाले. नवऱ्याला म्हटलं, "तू मागून टॉवेल टाक. मी पुढून गोड बोलते."

"तुझं गोड बोलणं तिला पाठ झालंय," तो म्हणाला. "तू गोड बोलायला लागलीस की मीसुद्धा हात मागे घेतो."

"तुला कधी टोचलंय मी?"

"नखं काढताना. काटा काढताना. कानात थेंब घालताना. विचारतेस कुठे? 'ते बघ' म्हणतेस आणि उरकतेस."

मला भयंकर राग आला. खरं असलं की येतो तसा. टॉवेल घेऊन तरातरा सासूबाईंच्या खोलीत गेले, तर बाईसाहेब त्यांच्या मांडीवर झोपलेल्या! सासूबाई पुतळ्यासारख्या बसलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, पण वर सरकवायची सोय नाही.

"ही कधीपासून येते तुमच्याकडे?"

"झाले आठ-दहा दिवस. तू कामावर गेलीस की येते."

"तुम्ही केलंत तरी काय?"

"काही नाही."

"काहीतरी केलं असेलच ना!"

"अगं, काहीच केलं नाही. तू ते कधी करून बघितलंस का?"

टोपली तिथेच राहिली. मी अनाथाश्रमाला फोन करून महिनाअखेरीची मुदत मागितली. मग सुरू झाली माझी खरी परीक्षा. हात लावायचा नाही. बोलवायचं नाही. सोफ्याखाली वाकून बघायचं नाही. सुरुवातीला तर मी टीव्ही बघताना हातांवरच बसायचे. ती समोरून शेपटी उभारून जायची आणि मी भिंतीकडे बघत देवाचं नाव घ्यायचे. जन्मात एवढी उपासना झाली नसेल.

महिनाअखेरीला डॉक्टरीणबाईंनी पुन्हा हात बघितले. एक एक बोट दाबून बघितलं. ओरखड्यांच्या जागी पांढऱ्या रेघा राहिल्या होत्या, ताजं काही नव्हतं.

"दिलीत ना मांजर?"

"नाही. आहे घरीच. मी तिला हात लावत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही? हात लावत नाही?"

"हो. म्हणजे, शिकतेय."

"बसा मग खुर्चीवर. बाहेर अकरा जण आहेत."

पहिला आलेला माणूस धिप्पाड होता आणि घामाघूम झाला होता. मी पट्टा बांधला, शीर सापडली, पहिल्याच चाचपणीत. तोंडातून 'ते बघा' निघणार, तेवढ्यात मी जीभ चावली.

"घेऊ का?" मी विचारलं.

"थांबा जरा," तो म्हणाला.

मी पट्टा सैल केला आणि थांबले. मागे रांगेत कुणीतरी घड्याळ बघून खाकरलं. माझे दोन्ही हात मांडीवर होते आणि कुठे ठेवावेत ते मला अजिबात कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्याने स्वतःच हात पुढे केला.